ऑर्वेलच्या आधी क्लेम्पेरर

हुकूमशाही आणि भाषा असा विषय निघाला की आपल्या वर्गांत, चर्चासत्रांत पहिले नाव येते ते जॉर्ज ऑर्वेलचे. त्याची '१९८४' ही कादंबरी (१९४९) मुळातून वाचलेली असो वा नसो, 'बिग ब्रदर' आणि 'न्यूस्पीक' हे शब्द सर्वांच्या तोंडी असतात. सायम नावाचा कोशकार दर आवृत्तीत शब्दकोश अधिकाधिक बारीक करत नेतो, बंडाचा विचार करायला शब्दच उरू नयेत अशी सत्तेची योजना असते, हा भाग तर भाषाविज्ञानाच्या तासालाही सांगितला जातो. सांगण्यासारखा आहेच तो.

माझी तक्रार ऑर्वेलबद्दल नाही. त्याच्यावर आपण जेवढे विसंबतो त्याबद्दल आहे. '१९८४'मधून हुकूमशाहीचे जे चित्र मनात ठसते ते एका अर्थी फार सोयीचे आहे. भाषा बिघडवणारे तिथे कोणी 'ते' असतात. एका सरकारी इमारतीत बसून ते शब्द छाटत असतात. वाचक सहजच विन्स्टन स्मिथच्या बाजूला जाऊन उभा राहतो. बाजारात, कारखान्यात, शेजारीपाजारी माणसे कशी बोलतात याच्याशी त्या नवभाषेचा फारसा संबंध येत नाही. कादंबरीतल्या सामान्य श्रमिकांना ती शिकवण्याची पक्षाला गरजही वाटत नाही. जर्मनीत १९३३ ते १९४५ या बारा वर्षांत प्रत्यक्ष जे घडले ते असे नव्हते. कोश छाटायला कोणी बसले नाही. शब्द बहुतांशी जुनेच होते. तेच जरा वेगळ्या अर्थाने, वेगळ्या सुरात, कोट्यवधी वेळा उच्चारले गेले. आणि ते उच्चारणारे सगळेच काही 'ते' नव्हते.

हे ज्याने टिपून ठेवले तो व्हिक्टर क्लेम्पेरर. त्याचे 'एल्‌टीआय' हे पुस्तक १९४७ मध्ये, म्हणजे '१९८४'च्या दोन वर्षे आधी, बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाले. ही तीन अक्षरे म्हणजे 'तिसऱ्या राइशची भाषा' या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे. नाझींना आद्याक्षरांचा भारी सोस होता. त्याची ही थट्टा, आणि डायरी कोणाच्या हाती लागलीच तर चटकन अर्थ लागू नये यासाठी केलेली आडवाटही. साहित्याच्या विद्यार्थ्याने हे पुस्तक ऑर्वेलच्या आधी वाचावे, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी क्लेम्पेररच्या आयुष्यातला काही तपशील द्यावा लागेल. तो तपशीलच मुळात या विषयाचा गाभा आहे.

क्लेम्पेररचा जन्म १८८१ चा, एका रब्बीच्या घरातला. तरुणपणीच त्याने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला. पहिल्या महायुद्धात तो स्वेच्छेने जर्मन सैन्यात गेला. १९२० पासून तो ड्रेस्डेनच्या तांत्रिक महाविद्यालयात फ्रेंच आणि इतर रोमान्स भाषांच्या साहित्याचा प्राध्यापक होता. अठरावे शतक, व्होल्तेर, रूसो हे त्याचे क्षेत्र. आपण जर्मन आहोत याविषयी त्याच्या मनात कधी शंका नव्हती. १९३३ च्या एप्रिलमध्ये ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा कायदा आला, तेव्हा आघाडीवर लढलेला सैनिक म्हणून तो वाचला. १९३५ मध्ये मात्र त्याला काढून टाकण्यात आले. पत्नी एव्हा ज्यू नव्हती. त्या विवाहामुळेच तो पुढे छळछावणीपासून वाचला. परंतु अपत्य नसल्याने त्यांचा विवाह नाझींच्या वर्गवारीत 'सवलतीचा' ठरला नाही. म्हणून १९ सप्टेंबर १९४१ पासून छातीवर पिवळा तारा लावणे त्याला चुकले नाही.

हा सगळा काळ तो डायरी लिहीत होता. ती १९९५ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाली आणि तेव्हा कुठे हा माणूस जगभर वाचला गेला. फॅसिझममधले दैनंदिन जीवन म्हणजे काय, हे या डायरीइतके नेमके सांगणारे दुसरे पुस्तक मी वाचलेले नाही. तीत हिटलर क्वचित दिसतो. दिसतात ते बटाटे, तंबाखू, दंतवैद्याचे बिल, गळके छप्पर, हृदयविकाराची भीती, आणि एकामागून एक येणारे हुकूम. १९३६ मध्ये पन्नाशी उलटल्यावर हा प्राध्यापक मोटार चालवायला शिकला, एक जुनी गाडी घेतली, आणि नवराबायको रविवारी भटकू लागली. १९३८ च्या अखेरीस ज्यूंचे वाहन परवाने रद्द झाले. त्याच सुमारास ग्रंथालयाचे दार पूर्ण बंद झाले. अठराव्या शतकावरचा त्याचा ग्रंथ अर्धाच राहिला. १९४० मध्ये स्वतःचे घर सोडून 'ज्यू-घरा'त राहावे लागले. १९४१ मध्ये टंकलेखन यंत्र गेले.

२ जून १९४२ च्या नोंदीत क्लेम्पेररने तोवरच्या बंद्यांची यादी केली आहे. एकतीस कलमे. रेडिओ नाही, दूरध्वनी नाही, नाटक-सिनेमा नाही, वृत्तपत्र विकत घ्यायचे नाही. फुले घ्यायची नाहीत. दूध नाही. सायकल नाही. आरामखुर्ची नाही. उद्यानात जायचे नाही, आणि उद्यानाच्या कडेच्या रस्त्यांवरही नाही. कुत्रा, मांजर, पक्षी पाळायचा नाही. हे शेवटचे कलम एका ओळीचे. पण त्याच्या काही दिवस आधीची नोंद वाचली की ती ओळ विसरता येत नाही. क्लेम्पेरर दांपत्याकडे मूशेल नावाचा बोका होता. ज्यूंची पाळीव जनावरे जमा करून मारली जाणार होती. ती दुसऱ्या कोणाला द्यायचीही मुभा नव्हती. तेव्हा एव्हाने त्याला स्वतःच पशुवैद्याकडे नेऊन मरण दिले. इतिहासाच्या पुस्तकात हा प्रसंग येणार नाही, आणि साठ लाखांच्या हत्येपुढे एका बोक्याचे काय, असेही कोणी म्हणेल. क्लेम्पेररलाही हा प्रश्न पडत असे. तरीही तो लिहीत राहिला, कारण मोठ्या घटना इतरही लिहितील. डासांच्या हजार चाव्यांची नोंद मात्र ज्याला डास चावले त्यानेच ठेवायची असते, असा त्याचा हिशेब होता.

आता भाषेकडे. पुस्तके गेली, ग्रंथालय गेले, तेव्हा या भाषाभ्यासकाकडे अभ्यासाला एकच सामग्री उरली. ती होती आसपास बोलली जाणारी भाषा. रेडिओवरचे भाषण (तेही रस्त्यावरच्या ध्वनिक्षेपकातून कानांवर पडलेले), कारखान्यातल्या गप्पा, जाहिराती, मृत्युसूचना, गेस्टापोच्या शिव्या. नाझी सिद्धान्तकार रोझेनबर्गचे पुस्तक झडतीत त्याच्याकडे सापडले, तेव्हा ते वाचल्याबद्दल त्याने मार खाल्ला.

मृत्युसूचनांचे उदाहरण मला विशेष वाटते. युद्धात मुलगा मेला की घरचे लोक वर्तमानपत्रात सूचना देत. तिचा साचा ठरलेला होता: मुलगा 'फ्युहरर आणि पितृभूमीसाठी' धारातीर्थी पडला, आम्ही 'अभिमानयुक्त शोक' करीत आहोत. क्लेम्पेरर या सूचना मोजत असे. फ्युहररचा उल्लेख किती सूचनांत आहे, आणि किती ठिकाणी नुसतीच 'पितृभूमी' आहे? 'अभिमान' गळून नुसता शोक कुठे उरला आहे? ख्रिस्ती क्रूस आहे की नाझींना प्रिय असलेले रून-चिन्ह? आपल्याकडे 'दुःखद निधन' आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' यांकडे कोणी संहिता म्हणून पाहत नाही. इथे एक गाळलेला शब्द हीच त्या घराची राजकीय भूमिका होती. उघड बोलण्याची दुसरी जागा त्यांना नव्हतीच. शैलीविज्ञानाच्या अभ्यासक्रमात साचा आणि त्यापासूनचे विचलन शिकवताना आपण नेहमी कविताच घेतो. ही सामग्री घेऊन पाहावी.

अर्थपरिवर्तनाचेही तसेच. 'फनाटिश' हा जर्मन शब्द. अठराव्या शतकाच्या अभ्यासकाला तो चांगलाच परिचित. व्होल्तेरच्या परंपरेत धर्मवेडाला दिलेली ती शिवीच होती. नाझींच्या तोंडी तो प्रशंसेचा झाला. निष्ठा 'फनाटिश', श्रद्धा 'फनाटिश', पक्षकार्य 'फनाटिश'. हा शब्द इतका घासला गेला की १९४४ च्या अखेरीस गोबेल्सला त्याच्यामागे 'रानटी' असे विशेषण जोडावेसे वाटले. जणू रानटी नसलेलेही धर्मवेड असू शकते! आपली भाषाविज्ञानाची पाठ्यपुस्तके याला अर्थोत्कर्ष म्हणतील आणि 'साहस' या शब्दाचे उदाहरण देतील: संस्कृतात अविचार, जबरदस्ती, दरोडा असे अर्थ, मराठीत आज धाडस. उदाहरण बरोबर आहे. पण 'साहस'चा उत्कर्ष कैक शतकांत, कोणाच्याही योजनेविना झाला. 'फनाटिश'चा एका दशकात झाला, आणि तो कोणाला फायद्याचा होता हे स्पष्ट दिसते. अर्थोत्कर्ष ही भाषेची हवामानासारखी नैसर्गिक प्रक्रिया आहे अशा थाटात आपण शिकवतो, तिथे हा भेद सांगायला हवा. (जाता जाता: मराठीत 'कट्टर' आणि 'कडवा' ही विशेषणे आज स्वतःच्याच नावापुढे अभिमानाने लावली जातात. त्यावरून लगेच कोणावर शिक्का मारायचे कारण नाही; क्रिकेटपटूचा चाहताही 'कट्टर'च असतो. परंतु या शब्दांचा गेल्या पन्नास वर्षांतला प्रवास हा एखाद्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी उत्तम विषय आहे.)

आणि काही शब्द असे, की ज्यांचा अर्थ बदलल्याचे कोशात कधीच कळणार नाही. 'होलेन' म्हणजे आणणे, घेऊन जाणे. दुकानातून पाव आणतात तसे. ज्यू-घरांत या शब्दाला एकच अर्थ उरला: अमक्याला 'नेले'. कर्ता नाही, ठिकाण नाही, परत येण्याचा उल्लेख नाही. मराठीत पोलिसांनी कोणाला 'उचलले' म्हणतो त्याची इथे आठवण होते, पण 'उचलले' या शब्दात निदान थोडा आवाज तरी आहे. 'होलेन' अगदी मऊ शब्द. १९३३ मध्ये ड्रेस्डेनमध्ये चार हजारांहून अधिक ज्यू होते. १९४५ च्या फेब्रुवारीत तिथे दोनशेसुद्धा उरले नव्हते. बाकीच्यांतले जे देशाबाहेर निसटू शकले नाहीत, त्यांतल्या बहुतेकांसाठी हे मऊ क्रियापदच वापरले गेले.

नाझी भाषा गरीब आहे, असे क्लेम्पेरर म्हणतो. ते मात्र ऑर्वेलच्या अर्थाने नव्हे. शब्दसंख्या घटली म्हणून ती गरीब नाही. खाजगी आणि जाहीर, बोली आणि लेखी, प्रार्थना आणि पत्रव्यवहार या सर्वांचा एकच सूर झाला म्हणून गरीब. स्वयंपाकघरातही माणसे सभेत बोलावे तशी बोलू लागली. विषाच्या बारीक मात्रा रोज पोटात जाव्यात, आणि परिणाम काही काळानंतर दिसावा, अशी उपमा त्याने दिली आहे. मात्रा देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याकडे त्याचे लक्ष अधिक आहे, हे या पुस्तकाचे वेगळेपण.

घेणारे कोण कोण आहेत? क्लेम्पेररच्या घरी मुलासारखा वावरलेला एक तरुण आहे. नाझी सत्तेवर येताच तो काही कम्युनिस्टांवर कशी 'दंडमोहीम' काढली, त्यांना कसे बडवले, ते गमतीने सांगतो. वसाहतींच्या युद्धातला हा शब्द सहज त्याच्या ओठांवर आलेला. क्लेम्पेररने कानाने पकडलेला हा पहिला नाझी शब्द. त्याच्या पुढे, ज्यू-घरात राहणारी एक सुविद्य ज्यू बाई आहे. जर्मन साहित्याची ती अभ्यासक. जर्मन अभिजात लेखकांवर तिची भक्ती. आपली मुले 'फनाटिश' जर्मन व्हावीत असे ती म्हणते. क्लेम्पेरर तिच्यावर चिडतो: जे तुला मारायला निघाले आहेत त्यांचा शब्द तुझ्या तोंडी कसा? तिला ते कळतही नाही. नाझी भाषा शत्रूची म्हणून बाहेर राहिली नाही. ती तारा लावलेल्यांच्या घरातही राहायला आली. जेत्याची भाषा असे नाव त्याने या प्रकरणाला दिले आहे.

आणि फ्रीडा. माझ्या मते संपूर्ण पुस्तकात सर्वांत मोलाचे जे आहे ते या बाईच्या प्रकरणात आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. १९४३ पासून क्लेम्पेररला वेगवेगळ्या कारखान्यांत सक्तीची मजुरी करावी लागली. त्यांतला एक लिफाफ्यांचा कारखाना. मालक फारसा वाईट नव्हता. ज्यू आणि 'आर्य' कामगारांनी एकमेकांशी बोलू नये असा नियम होता. तो सगळेच थोडाफार मोडत. फ्रीडा नावाची कामगार बाई यंत्र कसे चालवायचे ते क्लेम्पेररला समजावून सांगे. एकदा त्याची बायको आजारी असल्याचे तिला कळले. दुसऱ्या दिवशी त्याच्या यंत्रावर एक मोठे सफरचंद ठेवलेले होते. त्या काळात सफरचंद म्हणजे काय, हे वर दिलेल्या एकतीस कलमांवरून ओळखावे. त्याला आनंद झाला. थोड्या वेळाने फ्रीडाने कुतूहलाने विचारले, तुमची बायको जर्मन आहे म्हणतात, हे खरे का?

क्लेम्पेररचा आनंद तिथेच मावळला. या साध्याभोळ्या, नाझी नसलेल्या, नियम मोडून दया दाखवणाऱ्या बाईच्या डोक्यातही 'जर्मन' आणि 'ज्यू' हे परस्परविरोधी शब्द झाले होते. समोर उभा असलेला माणूस, तिच्याच बोलीत बोलणारा, जर्मन असू शकतो हे तिच्या भाषेत आता बसतच नव्हते.

सायमच्या कोशापेक्षा मला हा प्रश्न भीतिदायक वाटतो. सायम हुशार आहे, आपण काय करतो आहोत हे त्याला माहीत आहे. फ्रीडाला माहीत नाही. तिने काही वाईट केलेले नाही, उलट चांगलेच केले आहे, आणि त्या चांगल्या कृतीच्या पोटातच तो शब्द बसला आहे.

पण मग आणखी एक प्रश्न उरतो, आणि तो आपल्यासारख्या भाषा-साहित्य शिकवणाऱ्यांना टोचणारा आहे. सफरचंदाचे काय? क्लेम्पेरर भाषाशास्त्रज्ञ आहे. तो शब्द ऐकतो आणि खिन्न होतो. मला त्याची खिन्नता कळते, तरी इथे तो फ्रीडावर थोडा अन्याय करतो असेही वाटते. शब्द सत्तेचा होता, सफरचंद तिचे स्वतःचे होते. शब्द तिने न कळत घेतला, सफरचंद तिने जाणूनबुजून, धोका पत्करून दिले. या दोहोंतले एक खरे आणि दुसरे खोटे असे म्हणता येत नाही. भाषा माणसाच्या वतीने विचार करते, असे क्लेम्पेरर दाखवतो आणि त्याचे म्हणणे बहुतांशी पटते. परंतु फ्रीडाच्या हाताने तिच्या भाषेचे ऐकले नाही.

आता हिच्याशेजारी क्लेम्पेररचे सहकारी प्राध्यापक ठेवून पाहावेत. त्यांची भाषा शुद्ध होती. गोएथे-शिलर त्यांना तोंडपाठ. खाजगीत बोलताना त्यांतले कित्येक नाझींच्या गावंढळ जर्मनला नाकही मुरडत असतील. १९३५ नंतर त्यांतले बहुतेक त्याच्याकडे फिरकले नाहीत. ऑगस्ट १९३६ मध्ये क्लेम्पेररने डायरीत रागाने जे लिहिले आहे त्याचा आशय असा: उद्या माझ्या हाती सत्ता आली तर सामान्य माणसांना मी सोडून देईन, काही पुढाऱ्यांनाही कदाचित, पण बुद्धिजीवींना फासावर चढवीन, आणि प्राध्यापकांना इतरांपेक्षा तीन फूट उंच. हे न्यायनिवाड्याचे वाक्य नव्हे, चडफडाट आहे. तरी ते शिक्षक-खोलीत मोठ्याने वाचून दाखवावे असे मला अधूनमधून वाटते. साहित्याच्या संस्काराने माणूस अशा प्रसंगी आपोआप योग्य बाजूला उभा राहतो, अशी एक समजूत आपल्या व्यवसायात मुरलेली आहे. अभ्यासक्रमांच्या उद्दिष्टांत तर ती दरवेळी छापून येते. ड्रेस्डेनचा पुरावा तिच्या बाजूने नाही.

प्रतिकार म्हटला की आपल्याला म्युनिकची श्वेतगुलाब चळवळ आठवते, फेब्रुवारी १९४३ मध्ये गिलोटिनखाली गेलेली सोफी आणि हान्स ही शोल भावंडे आठवतात. आठवावीतच. क्लेम्पेररच्या डायरीतला प्रतिकार मात्र फार वेगळ्या मापाचा आहे, आणि त्याला प्रतिकार म्हणावे की नाही असाही वाद घालता येईल. रस्त्यात एखादा अनोळखी माणूस मुद्दाम वाट ओलांडून येतो आणि तारा लावलेल्या या म्हाताऱ्याशी हात मिळवतो. कोणी दुकानदार शिधापत्रिकेत न बसणारे काही पिशवीत टाकतो. दुसऱ्याच दिवशी पोरे मागे लागून ओरडतात. क्लेम्पेरर दोन्ही लिहितो, आणि लोकांचा खरा आवाज यांतला कोणता, याचे उत्तर त्याला अखेरपर्यंत सापडत नाही. 'सगळे जर्मन तसलेच' किंवा 'सामान्य माणूस मनाने चांगलाच' या दोन्ही वाक्यांना त्याची डायरी पुरून उरते.

त्याच्या स्वतःच्या लिहिण्याला मात्र मी बिनदिक्कत प्रतिकार म्हणेन. फक्त तो एकट्याचा नव्हता. घरझडतीत गेस्टापोला एक पान सापडले असते तरी त्याचा मृत्यू नक्की होता, आणि ज्यांची नावे त्या पानांत होती त्यांचेही काही खरे नव्हते. म्हणून एव्हा थोड्या थोड्या दिवसांनी लिहून झालेली पाने घेऊन पिर्ना या जवळच्या गावी जाई. तिथे अॅनेमारी क्योलर ही त्यांची डॉक्टर मैत्रीण ती लपवून ठेवी. या दोघींनी एकही ओळ लिहिली नाही. एव्हाने घटस्फोट घ्यावा म्हणून तिच्यावर दबाव येत असे, झडतीच्या वेळी गेस्टापोचे लोक तिच्या तोंडावर थुंकत. घटस्फोट घेतला असता तर ती मोकळी झाली असती आणि तो मेला असता. तिने घेतला नाही. वाङ्मयाच्या इतिहासात लेखकाचे नाव राहते. 'एल्‌टीआय' क्लेम्पेररने एव्हालाच अर्पण केले आहे, पण त्या पुस्तकाचे श्रेय अर्पणपत्रिकेत मावण्यासारखे नाही.

विन्स्टन स्मिथही डायरी लिहितो. कादंबरीची सुरुवातच तिथून आहे. परंतु विन्स्टनची डायरी म्हणजे भविष्याला उद्देशून काढलेले उद्गार. ती पाने कोणी वाहून नेत नाही, ती लपवायला पिर्ना नाही. त्याला एव्हा नाही (ज्युलिया राजकारणाची चर्चा सुरू झाली की झोपी जाते). ऑर्वेलला संपूर्ण पराभव दाखवायचा होता, म्हणून त्याने ही दारे बंद केली. कादंबरीच्या दृष्टीने ते योग्यच आहे. आपण मात्र त्या बंद खोलीलाच हुकूमशाहीचा नकाशा समजतो. ऑर्वेलचाच १९४६ चा, राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवरचा निबंध याहून कितीतरी क्लेम्पेररच्या जवळचा आहे. त्यात आळशी, तयार वाक्प्रयोग वापरणारे आपल्यासारखेच लोक आहेत. तो निबंध आपल्याकडे कादंबरीच्या मानाने कमी वाचला जातो, हेही बोलके आहे.

क्लेम्पेररला डोक्यावर घ्यावे असे मी म्हणत नाही. त्याच्या पुस्तकात दोष आहेत. फ्रेंच प्रबोधनाचा हा भक्त सगळे खापर जर्मन स्वच्छंदतावादावर फोडायला फार उत्सुक असतो. झायोनिझमचा प्रणेता हेर्झल आणि हिटलर यांच्या शैलींची त्याने केलेली तुलना आज वाचवत नाही. आणि युद्धानंतर? १९४५ मध्ये तो कम्युनिस्ट पक्षात गेला, पूर्व जर्मनीत सन्मानाने प्राध्यापक झाला, तिथल्या संसदेत बसला. सोव्हिएत अमलाखालच्या वृत्तपत्रांत नाझी वळणाचेच शब्द त्याला दिसू लागले, तेव्हा 'चौथ्या राइशची भाषा' म्हणून त्याने त्यांची नोंद केली. पण फक्त खाजगी डायरीत. या दुसऱ्या भाषेवर त्याने पुस्तक लिहिले नाही. ज्या कानाने 'होलेन' टिपला त्या कानाला हे ऐकू येत होते, आणि तोंड गप्प होते. या माणसाने काय भोगले होते ते पाहता मी त्याला भित्रा म्हणणार नाही. वर्गात हे सांगायचे मात्र टाळू नये, नाहीतर त्याचाही आपण पुतळा करू.

१३ फेब्रुवारी १९४५ च्या दिवशी क्लेम्पेरर ड्रेस्डेनमध्ये उरल्यासुरल्या ज्यूंच्या घरी चिठ्ठ्या वाटत हिंडत होता. तीन दिवसांनी प्रवासाच्या तयारीनिशी हजर राहा, असा त्यांत हुकूम होता. म्हणजे काय ते देणाऱ्यालाही कळत होते, घेणाऱ्यालाही. त्याच रात्री शहरावर बॉम्बवर्षाव झाला. सुमारे पंचवीस हजार माणसे मेली. त्या आगीत एव्हाने चाकूने त्याच्या कोटावरचा तारा काढला आणि दोघे कागदपत्रे जळालेल्या निर्वासितांत मिसळून बव्हेरियाकडे गेले.

तिथल्या एका खेड्यात त्याला बर्लिनहून आलेली एक श्रमिक वर्गातली बाई भेटली. बोलता बोलता कळले की तिने वर्षभर तुरुंगवास भोगला होता. कशासाठी, असे विचारल्यावर तिने आपल्या बर्लिनी बोलीत सांगितले, शब्दांपायी. फ्युहररबद्दल काही बोलली होती. आपल्या वह्यांतल्या नोंदींचे पुस्तक करण्यात काही अर्थ आहे का, असा क्लेम्पेररला तोवर संशय होता; तो या उत्तराने फिटला. पुस्तकाचे शेवटचे प्रकरण तेच आहे. इंग्रजीत ते मार्टिन ब्रेडीच्या अनुवादात (२०००) वाचता येते. सगळे पुस्तक लावणे शक्य नसेल तर निदान फ्रीडाचे प्रकरण घ्यावे. ते एका तासिकेत वाचून होते आणि चर्चेला वेळही उरतो.